परदेशात डिझाइन रजिस्टर करायचंय? नेहमी विचारले जाणारे प्रश्न आणि जमेल तितकी सरळ उत्तरं

भोसरी, शिरोली, वाळूज, अंबड अशा एमआयडीसीतल्या लोकांचे फोन येतात आणि त्यातले निम्मे प्रश्न तेच तेच असतात, म्हणून एकदाचं सगळं इथे लिहून ठेवतोय. दिवे, नळ, फर्निचर, खेळणी, चप्पल, परफ्यूमची बाटली, जे काही दिसण्यावर विकलं जातं असं तुम्ही बनवत असाल आणि ते भारताबाहेर जाणार असेल तर हे वाचा. प्रत्यक्ष अर्ज करताना त्या त्या देशातल्या एजंटला विचारावंच लागेल, पण त्याच्याकडे जाताना कोरी पाटी घेऊन जाऊ नका एवढाच हेतू.

भारतात डिझाइन रजिस्टर झालंय, सर्टिफिकेट आहे. ते बाहेर चालतं ना?

नाही चालत. कोलकात्याच्या डिझाइन ऑफिसचं सर्टिफिकेट भारतापुरतंच. जर्मनीत कुणी तुमचा दिवा जसाच्या तसा बनवला आणि तिथेच विकला तर त्या कागदाचा तिथे काहीच उपयोग नाही. 'वर्ल्ड डिझाइन रजिस्ट्रेशन' अशी कुठलीही गोष्ट अस्तित्वात नाही, तसं कुणी विकत असेल तर लांबूनच नमस्कार करा. त्यातल्या त्यात युरोपियन युनियनची सोय चांगली आहे, एका अर्जात २७ देश येतात. पण ब्रिटन त्यात नाही, १ जानेवारी २०२१ पासून ते पूर्ण वेगळं झालं. स्वित्झर्लंड आणि नॉर्वेही त्यात नाहीत, हे लोक हमखास विसरतात.

डिझाइन म्हणजे नक्की काय? माझ्या मशीनमध्ये आतलं मेकॅनिझम नवीन आहे, ते यात येईल का?

नाही, ते पेटंटचं काम. डिझाइनमध्ये फक्त डोळ्याला दिसतं ते येतं, म्हणजे आकार, रेषा, नक्षी, रंगांची मांडणी. वस्तू चालते कशी ते नाही, दिसते कशी ते. आणि एखादा आकार फक्त कामाच्या गरजेपोटीच तसा असेल, दुसरा कसा असूच शकत नसेल, तर तोही बाद. एकाच वस्तूवर दोन्ही असू शकतं, मेकॅनिझमला पेटंट आणि बाहेरच्या बॉडीला डिझाइन. अमेरिकेत डिझाइनलाच डिझाइन पेटंट म्हणतात, त्यामुळे तिकडचा वकील 'पेटंट' म्हणाला तर तो कशाबद्दल बोलतोय ते आधी विचारून घ्या.

सगळ्यात पहिली गोष्ट काय करायची?

दाखवू नका. खरंच, बाकी सगळं नंतर.

अर्ज करायच्या आधी वस्तू कुणालाही दाखवायची नाही, इन्स्टावर नाही, व्हॉट्सअॅप स्टेटसला नाही, कॅटलॉगमध्ये नाही, प्रदर्शनात नाही, डीलरला पीडीएफ पाठवायची असेल तर आधी गोपनीयतेच्या करारावर सही घ्यायची. कारण डिझाइनला संरक्षण मिळायचं तर ते नवीन असायला लागतं, आणि तुम्हीच आधी जगाला दाखवलं तर ते जुनं झालं. आपलीच वस्तू आहे म्हणून सूट मिळेल असं लोकांना वाटतं, पण ती सूट काही देशांत आणि काही महिन्यांपुरतीच असते.

लहान माणसांचंच असं होतं असं नाही. प्यूमाचं बघा. रिहानाने डिसेंबर २०१४ मध्ये इन्स्टाग्रामवर फोटो टाकले, पायात प्यूमाचे पांढरे शूज, खाली जाडजूड काळा सोल. कंपनीने त्या डिझाइनचा युरोपात अर्ज केला २०१६ मध्ये. मग एका डच कंपनीने ते रद्द करायला अर्ज टाकला, पुरावा काय तर तेच फोटो, आणि मार्च २०२४ मध्ये युरोपियन युनियनच्या जनरल कोर्टाने रद्द होणंच बरोबर असा निकाल दिला. प्यूमाचं म्हणणं होतं की त्या फोटोत लोक शूज कशाला बघतील. कोर्टाला ते पटलं नाही.

क्रॉक्सचंही तेच झालं. अमेरिकेत फ्लोरिडातल्या एका बोट शोमध्ये ते क्लॉग्ज दाखवले, वेबसाइटवर टाकले, विकले, आणि सवलतीची मुदत उलटल्यावर अर्ज केला. २०१८ मध्ये युरोपातलं रजिस्ट्रेशन गेलं. शो अमेरिकेत होता, युरोपातल्या लोकांना कसं कळणार, हा मुद्दाही तिथे टिकला नाही.

अहो पण मी आधीच टाकलंय इन्स्टावर! आता?

तारीख बघा आधी. युरोपियन युनियन, ब्रिटन, अमेरिका, जपान इथे स्वतःच केलेल्या प्रसिद्धीला १२ महिन्यांची मुभा आहे, म्हणजे पहिल्यांदा दाखवल्यापासून १२ महिन्यांच्या आत अर्ज गेला तर तुमचीच पोस्ट तुमच्या विरोधात वापरत नाहीत. तपशील देशागणिक वेगळे आहेत, जपानला वेगळा कागद जोडावा लागतो, पण दार उघडं असतं.

भारतात मात्र अशी सरसकट मुभा नाही. सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनात, आधी कंट्रोलरला (डिझाइन रजिस्ट्रेशनच्या सरकारी प्रमुखाला) कळवून, वस्तू मांडली असेल तर सहा महिन्यांत अर्ज करता येतो, बास. चीनमध्येही साधारण अशीच अरुंद फट आहे, साधी इन्स्टा पोस्ट त्यात बसत नाही. त्यामुळे अशी विचित्र परिस्थिती येते की भारतात तुमचं डिझाइन गेलेलं असतं आणि युरोप-अमेरिकेत अजून जिवंत असतं. अशा वेळी भारतात रद्द होण्यासारखं काहीतरी रेटत बसण्यापेक्षा थेट बाहेर अर्ज करा. आणि पोस्ट डिलीट करून काही होत नाही, उलट कुणाकडे स्क्रीनशॉट असला की ते वाईट दिसतं.

'सहा महिन्यांची प्रायॉरिटी' म्हणजे काय?

हे नीट समजून घ्या, पूर्ण प्लॅन यावर उभा राहतो.

पॅरिस कन्व्हेन्शन नावाचा जुना आंतरराष्ट्रीय करार आहे, भारत त्यात ७ डिसेंबर १९९८ पासून आहे. त्यानुसार तुम्ही समजा १० जूनला भारतात डिझाइनचा अर्ज केला, तर १० डिसेंबरपर्यंत दुसऱ्या कुठल्याही सदस्य देशात त्याच डिझाइनचा अर्ज करता येतो आणि तिथे नवीनपणा मोजताना तारीख धरतात १० जून. मधल्या काळात तुम्ही वस्तू बाजारात आणली, प्रदर्शनात ठेवली, कुणी कॉपी मारली, तरी त्या अर्जाला धक्का लागत नाही. म्हणजे भारतात स्वस्तात अर्ज करायचा (एकटा माणूस, स्टार्टअप किंवा छोटा उद्योग असेल तर सरकारी फी १,००० रुपये, बाकीच्यांना ४,०००), दुसऱ्या दिवसापासून बिनधास्त दाखवायला लागायचं, आणि सहा महिन्यांत ऑर्डर कुठून येतायत ते बघून देश ठरवायचे. माझ्या मते छोट्या उद्योगासाठी याहून शहाणा रस्ता नाही.

मात्र खड्डे दोन आहेत. पहिला, पेटंटचे १२ महिने लोकांच्या डोक्यात पक्के बसलेले असतात आणि डिझाइनलाही तेवढेच मिळतील असं गृहीत धरलं जातं, मिळत नाहीत, डिझाइनला ६ महिनेच. युरोपात एका कंपनीने आंतरराष्ट्रीय पेटंट अर्जावरून सहा महिन्यांनंतर डिझाइनची प्रायॉरिटी मागितली होती, फेब्रुवारी २०२४ मध्ये युरोपच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सहा म्हणजे सहाच. दुसरा खड्डा म्हणजे भारतातलं रजिस्ट्रेशन झालं की ते जर्नलमध्ये छापून येतं. एकदा सहा महिने उलटले आणि ते छापून आलं की चीनसारख्या देशात तुमचंच भारतीय रजिस्ट्रेशन तुम्हाला आडवं येतं.

आणि हो, बाहेरचे देश भारतीय अर्जाची सर्टिफाइड कॉपी मागतात, युरोपात त्यासाठी तीन महिने असतात. कोलकात्याला ती मागणी लवकर टाका, शेवटच्या आठवड्यात धावपळ करू नका.

हेग सिस्टीमबद्दल ऐकलंय, एका अर्जात खूप देश. ते करू का?

सिस्टीम चांगली आहे, पण भारत तिचा सदस्य नाही. जिनिव्हाच्या वायपोकडे (जागतिक बौद्धिक संपदा संघटना) एकच अर्ज, त्यात एकाच वर्गातली (वस्तूंचे आंतरराष्ट्रीय वर्ग ठरलेले आहेत) १०० पर्यंत डिझाइन्स, आणि हवे ते सदस्य देश टिक करायचे, मूळ फी ३९७ स्विस फ्रँक आणि वर प्रत्येक देशाची वेगळी. युरोपियन युनियन २००८ पासून आहे, अमेरिका आणि जपान १३ मे २०१५ पासून, ब्रिटन २०१८, चीन ५ मे २०२२.

पण अर्ज कोण करू शकतं? सदस्य देशाचा नागरिक, तिथला रहिवासी, किंवा तिथे खराखुरा चालणारा व्यवसाय असलेला. पुण्यातली कंपनी, पुण्यातच मालक, पुण्यातच कारखाना, यात बसत नाही. हां, तुमची लंडनला किंवा म्युनिकला खरोखर चालणारी कंपनी असेल, माणसं कामाला असतील, तर त्या कंपनीच्या नावाने करता येतं. न्यू जर्सीत राहणारे आपले बरेच लोक स्वतःचा छोटा ब्रँड चालवतात, त्यांनाही हा रस्ता मोकळा आहे. नुसता भाड्याचा पत्ता दाखवून करायला जाल तर पुढे भांडण झाल्यावर समोरचा वकील पहिला तोच धागा ओढेल.

मग कुठल्या देशात करू? सगळीकडे परवडणार नाही.

सगळीकडे करूही नका. मी तीन गोष्टी विचारतो. माल विकला कुठे जातो? कॉपी बनेल कुठे? आणि तुमचा मुख्य स्पर्धक कुठल्या बंदरातून माल उतरवतो?

लोकांचा पहिला विचार असतो चीन, कारण कॉपी तिकडे बनते. पण विचार करा, तुमचा गिऱ्हाईक जर्मनीत असेल तर चीनमध्ये बनलेली कॉपी शेवटी जर्मनीतच यायला लागेल ना, मग ती युरोपच्या दारात अडवणं जास्त सोपं आणि स्वस्त. चीनमध्ये तेव्हा करा जेव्हा तुम्ही स्वतः तिथून माल बनवून घेता, साचा तिकडे पडून आहे, किंवा कॉपी तिथून दहा देशांत जातेय.

अजून एक बघा, वस्तूचं आयुष्य किती. दिवाळीपुरता चालणारा सजावटीचा आयटम असेल तर अमेरिकेत दीड-दोन वर्षं थांबून मिळणाऱ्या पेटंटचा काय उपयोग? तेच खुर्चीचं किंवा नळाचं डिझाइन पंधरा वर्षं विकलं जातं, तिथे खर्च वसूल होतो.

युरोपियन युनियनचं सांगा. किती खर्च, किती वेळ?

ऑफिस स्पेनमध्ये आलिकांतेला, ईयूआयपीओ, म्हणजे युरोपियन युनियनचं बौद्धिक संपदा ऑफिस. १ मे २०२५ पासून नवीन नियम लागू झाले, आता त्याला 'ईयू डिझाइन' म्हणतात आणि पहिल्या डिझाइनची फी ३५० युरो, त्याच अर्जात पुढच्या प्रत्येक डिझाइनला १२५ युरो. एका अर्जात ५० पर्यंत डिझाइन्स घालता येतात. पूर्वी ती सगळी एकाच वर्गातली लागायची, म्हणजे दिवा वर्ग २६ आणि नळ वर्ग २३ एकत्र चालायचे नाहीत, ती अट आता गेली. ज्यांच्याकडे आख्खी रेंज आहे त्यांच्यासाठी हे मस्तच झालं. अॅनिमेशन, अॅपची स्क्रीन असल्या डिजिटल गोष्टीही आता कायद्यात स्पष्ट आल्यात.

वेळ म्हणाल तर कागद नीट असले की काही दिवसांत सर्टिफिकेट येतं. ते इतकं लवकर येतं कारण ते लोक नवीनपणा तपासतच नाहीत! जे दिलं ते रजिस्टर करतात, भांडण झालं की मग बघतात. त्यामुळे ते सर्टिफिकेट फ्रेम करून लावायच्या आधी आपण खरंच नवीन आहोत का ते स्वतः तपासा. पाच-पाच वर्षांनी रिन्यू करत जास्तीत जास्त २५ वर्षं टिकतं, आणि रिन्यूअलची फी दर वेळी चढत जाते.

अजून बाजारात आणायचं नसेल तर ३० महिन्यांपर्यंत चित्रं गुप्त ठेवता येतात, ही सोय कमी लोक वापरतात. अर्ज तुम्ही भारतातून स्वतः भरू शकता पण त्यानंतरच्या कुठल्याही कामाला तिथला अधिकृत प्रतिनिधी लागतोच, म्हणून सुरुवातीलाच नेमलेला बरा.

आणि अमेरिका?

तिथे खरी परीक्षा होते. एक अर्ज म्हणजे एकच क्लेम, म्हणजे एकाच डिझाइनवरचा हक्क, परीक्षक जुनी डिझाइन्स शोधतो, आक्षेप काढतो, तुमचा वकील उत्तर देतो, तुम्हाला बिल येतं. जानेवारी २०२५ पासून अर्ज, शोध आणि परीक्षा मिळून १,३०० डॉलर, आणि मंजूर झाल्यावर इश्यू फी परत १,३००. ५०० किंवा त्याहून कमी माणसं असलेल्या उद्योगाला या फीमध्ये ६० टक्के सूट आहे, आणि अगदी छोट्यांना, उत्पन्नाची मर्यादा वगैरे अटी बसत असतील तर, ८० टक्के. आपल्याकडचे बरेच कारखाने ६० टक्क्यांत आरामात बसतात, वकिलाला हे स्वतःहून सांगा. खरा खर्च मात्र वकिलाचा आणि ड्रॉइंगचा असतो, सरकारी फी त्यापुढे किरकोळ.

मिळाल्यावर १५ वर्षं, मंजुरीच्या तारखेपासून, आणि मधे एक डॉलरही रिन्यूअल नाही. हे मला अमेरिकेचं सगळ्यात आवडतं. आणि ताकद केवढी ते अॅपल-सॅमसंगच्या भांडणात दिसलं, गोल कोपऱ्यांचा आयताकृती फोन आणि आयकॉनची मांडणी असल्या डिझाइन पेटंटवरून २०१८ मध्ये ज्यूरीने जवळपास ५३.९ कोटी डॉलर ठरवले, त्यातला अगदी छोटा तुकडा सोडला तर सगळे डिझाइनचेच.

एक फरक लक्षात ठेवा, तिकडे अर्जात ज्याने प्रत्यक्ष डिझाइन केलं त्या माणसाचं नाव लागतं. कंपनीच्या मालकाचं नाव हौसेने घालू नका, चुकीचं नाव असेल तर पुढे पेटंटच धोक्यात येतं.

चीन, ब्रिटन, जपान?

चीन: १५ वर्षं, २०२१ च्या जूनपासून वस्तूच्या फक्त एका भागाचंही डिझाइन घेतात, चिनी एजन्सी नेमणं सक्तीचं, आणि दरवर्षी फी भरत राहायची. ब्रिटन: स्वस्त, लवकर, नवीनपणा तपासत नाहीत, २५ वर्षं, पण तिथला पत्ता लागतो. जपान: कडक परीक्षा, अर्जापासून २५ वर्षं. आखातात युरोपसारखा एकत्र अर्ज नाही, देशागणिक वेगळा, आणि पॉवर ऑफ अॅटर्नी नोटरी करून दूतावासाच्या शिक्क्यापर्यंत न्यावी लागते अशी ठिकाणं तिकडे आहेत, त्यासाठी वेळ हाताशी ठेवा.

ड्रॉइंग आमच्या कॅडवाल्या मुलाने केलेलीच चालतील ना?

चालतीलही, पण जरा थांबा, इथेच सगळ्यात जास्त केसेस मरतात.

ट्रंकी माहितीये? मुलांनी बसून ओढत न्यायची ती छोटी सूटकेस, शिंगंबिंगं असलेली. दुसऱ्या एका कंपनीने किडी केस नावाची तशीच काढली. ट्रंकीवाले ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेले आणि मार्च २०१६ मध्ये हरले. कल्पना भन्नाट आहे हे कोर्टानेही मान्य केलं, पण डिझाइनचा हक्क कल्पनेला नसतो, कागदावर जे दाखवलंय त्याला असतो. आणि कागदावर त्यांनी काय दिलं होतं तर राखाडी शेडमधली कॅडची थ्रीडी चित्रं, चाकं आणि पट्टा गडद, बॉडी फिकी. म्हणजे तो रंगांमधला फरकही डिझाइनचा भाग धरला गेला, आणि बॉडीवर काहीच नक्षी नाही हेसुद्धा. साध्या काळ्या रेषांची चित्रं दिली असती तर फक्त आकाराचं संरक्षण मागता आलं असतं.

तर नियम असा की जेवढं कमी दाखवाल तेवढं जाळं मोठं. रंग महत्त्वाचा नसेल तर रंग देऊ नका, लोगो काढून टाका, मापं लिहू नका. सगळ्या बाजू द्या, पुढून, मागून, डावी, उजवी, वरून, खालून आणि एक तिरका व्ह्यू. भारतातला अर्ज करतानाच चित्रं अमेरिकेच्या दर्जाची करून घ्या, कारण प्रायॉरिटी मागताना डिझाइन तेच असावं लागतं, भारतात मोबाइलवर काढलेले चार फोटो आणि अमेरिकेत सुबक लाइन ड्रॉइंग असं झालं की परीक्षक विचारतो हे तेच कशावरून. तुटक रेषांनी 'हा भाग आमचा नाही' असं दाखवायची पद्धत बाहेर सर्रास चालते, आपल्याकडे पूर्ण वस्तूचंच बघतात, त्यामुळे नुसत्या हँडलचंच संरक्षण बाहेर हवं असेल तर एजंटशी आधीच बोला.

डिझाइन फ्रीलान्सरकडून करून घेतलंय, पैसे पूर्ण दिलेत. मालकी माझीच ना?

भारतात बहुतेक हो, पैसे देऊन करून घेतलं असेल तर आपला कायदा करून घेणाऱ्याला मालक मानतो. युरोपात तसं नाही! तिथे हक्क डिझायनरचा, पगारी नोकराने केलं असेल तर मालकाचा, पण बाहेरच्या फ्रीलान्सरने केलं असेल तर करारात लिहिलेलं लागतं. स्पेनमध्ये कुकू क्लॉकवरून हाच वाद झाला होता, २००९ मध्ये युरोपच्या कोर्टाने सांगितलं की ऑर्डर देऊन करून घेतलं म्हणजे आपोआप मालकी येत नाही. अमेरिकेतही लेखी असाइनमेंट, म्हणजे हक्क नावावर करून देणारा कागद, लागतंच.

म्हणून फ्रीलान्सरचं शेवटचं पेमेंट करायच्या आधी एक पानाचा करार सही करून घ्या, सर्व देशांतले हक्क तुमच्याकडे आणि नंतर लागतील त्या कागदांवर तो सही करेल असं त्यात असू द्या. पेमेंट झाल्यावर तीच मुलं फोन उचलत नाहीत, दुसऱ्या गावी जातात, लग्न होऊन ऑस्ट्रेलियाला जातात.

कोल्हापुरी चपलेचं डिझाइन इटलीत रजिस्टर करून टाकलं असतं तर प्राडाला अडवता आलं असतं का?

जून २०२५ मध्ये मिलानच्या शोनंतर हा प्रश्न प्रत्येकाने विचारला. नाही, कारण शेकडो वर्षं चालत आलेला आकार कुणाच्याच नावावर नवीन म्हणून रजिस्टर होत नाही, ना आपल्या ना त्यांच्या. कोल्हापुरीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, आहे, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे त्यात येतात, पण जीआय नावाला आणि उगमाला जपतो आणि तोही भारतात. इटलीत नुसता आकार वापरला तर तो हात पोचत नाही.

पण तुम्ही कोल्हापुरीवर काहीतरी खरंच नवीन केलं, वेगळी वेणी, वेगळा सोल, वेगळी कापणी, तर त्या नव्या रूपाचं डिझाइन युरोपात घेता येईल, आणि घ्यावं. पैठणीचंही तसंच, मोर आणि आसावली कुणाची नाही, पण तुमच्या मागावर तयार झालेली पूर्ण नवी मांडणी तुमची असू शकते.

आम्ही गाड्यांचे पार्ट बनवतो. बंपर, हेडलॅम्प वगैरे.

तुम्हाला डिझाइन मिळवण्यापेक्षा दुसऱ्याच्या डिझाइनपासून वाचण्याची काळजी जास्त असणार. युरोपात नवीन नियमांत रिपेअर क्लॉज आहे, गाडीला मूळ रूपात आणण्यासाठी जो पार्ट तसाच असावा लागतो तो रिप्लेसमेंट म्हणून विकता येतो, पण पार्ट कुणी बनवलाय हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगितलेलं हवं. अमेरिकेत असा क्लॉज नाही, तिथे गाडी कंपन्या फेंडर-बंपरवर डिझाइन पेटंट घेऊन बसलेल्या असतात, मे २०२४ मध्ये एलकेक्यू (पार्ट विकणारी कंपनी) आणि जनरल मोटर्सच्या केसमध्ये अशी पेटंट्स 'उघडच सुचणारी' म्हणून उडवायची कसोटी थोडी सैल झाली एवढंच. स्वतःचं डिझाइन करायचं असेल तर बॉनेटखाली लपणारा पार्ट युरोपात बाद, नेहमीच्या वापरात दिसायला हवा.

सर्टिफिकेट आलं, आणि कॉपी दिसली. पुढे?

आधी खरेदी करा. पावतीसकट एक नग विकत घ्या, पानाचे स्क्रीनशॉट तारखेसकट ठेवा, मग बोला.

युरोपात कस्टम्सकडे अर्ज करून ठेवता येतो, त्याची फी नाही, वर्षभर चालतो आणि पुढे वाढवता येतो, संशयित माल आला की ते अडवून तुम्हाला कळवतात. अमेरिकेत कस्टम्स ट्रेडमार्कची नोंद घेतं पण डिझाइन पेटंटची थेट घेत नाही, त्यासाठी इंटरनॅशनल ट्रेड कमिशन या तिथल्या सरकारी आयोगाचा आदेश लागतो आणि ते महागडं प्रकरण आहे. ऑनलाइन प्लॅटफॉर्मवर मात्र रजिस्ट्रेशन नंबर टाकून तक्रार केली की लिस्टिंग उतरतात, छोट्या माणसाला सगळ्यात जास्त फायदा इथेच होतो. चीनच्या साइट्सवर मूल्यांकन अहवाल, म्हणजे डिझाइन खरंच टिकणारं आहे का ते सांगणारा कागद, मागू शकतात, तो तिथल्या ऑफिसकडून आधी काढून ठेवा.

जर्मनीतली प्रदर्शनं ही वेगळीच गंमत. फ्रँकफर्टच्या अँबिएंते प्रदर्शनाला आपले बरेच लोक जातात. तिथली कोर्टं प्रदर्शन चालू असतानाच मनाई आदेश देतात आणि स्टॉलवरून माल उचलला जातो. हे तुमच्या बाजूनेही होऊ शकतं आणि तुमच्या विरोधातही.

म्हणजे आम्हीच कुणाची कॉपी करतोय असं निघालं तर? कसं कळणार?

निर्यात करायच्या आधी शोध घ्या, फुकट आहे. ईयूआयपीओचं डिझाइनव्ह्यू आणि वायपोचा ग्लोबल डिझाइन डेटाबेस, दोन्हीत वर्ग आणि वस्तूचं नाव टाकून चित्रं बघता येतात. कंटाळवाणं काम आहे, संध्याकाळ जाते, पण बायरने दिलेलं 'सँपल' नेमकं कुणाचं आहे हे अनेकदा इथेच सापडतं. बायर म्हणाला तसं बनवून दिलं, हे उत्तर युरोपच्या कोर्टात चालत नाही.

परदेशी वकिलाला पैसे पाठवायला काय लागतं?

बँक इनव्हॉइस मागते, कशासाठी पाठवताय ते विचारते, आणि बहुतेक वेळा सीएचं सर्टिफिकेट आणि इन्कम टॅक्सचा ऑनलाइन फॉर्म मागते. जीएसटी रजिस्ट्रेशन असेल तर रिव्हर्स चार्जमध्ये, म्हणजे वकिलाऐवजी तुम्हीच भरायचा असा, आयजीएसटी बसतो, त्याचं क्रेडिट मिळतं पण आधी भरावा लागतो. सहा महिन्यांची मुदत संपायच्या आदल्या शुक्रवारी हे सगळं सुरू करू नका, पैसे अडकले म्हणून तिकडचा वकील अर्ज रोखून धरू शकतो.

बायर म्हणतोय, रजिस्ट्रेशन आम्हीच करतो तिकडे, तुम्ही नुसता माल पाठवा. करू देऊ का?

डिझाइन त्याचं असेल तर त्याने केलं यात वावगं काही नाही. तुमचं असेल तर बिलकूल नाही. गोड बोलून खर्च वाचवतोय असं वाटतं, पण एकदा त्याच्या नावावर गेलं की तुम्ही तोच माल त्याच्या शेजारच्या दुकानाला विकायला गेलात तर तोच तुम्हाला अडवणार, आणि कायद्याने त्याचं बरोबर असेल. पुढच्या वर्षी भाव पाडून मागेल तेव्हा तुमच्याकडे काही उरलेलं नसेल.

युरोपात दुसऱ्याच्या नावावर गेलेलं डिझाइन परत मागता येतं, त्याने जाणूनबुजून लबाडी केली नसेल तर प्रसिद्धीपासून तीन वर्षांत, पण त्यासाठी डिझाइन तुमचं होतं याचा पुरावा हवा. जुन्या तारखांची स्केचेस, कॅड फाइल्स, डिझायनरचा करार, पहिल्या सँपलच्या कुरिअरची पावती, हे एका फोल्डरमध्ये ठेवत चला. आणि पर्चेस ऑर्डर स्वीकारताना त्याच्या खालच्या बारीक अक्षरातल्या अटी वाचा, 'सर्व डिझाइन्सचे हक्क खरेदीदाराचे' असं एक वाक्य तिथे बऱ्याचदा असतं. ते खोडून, बाजूला सही करून परत पाठवा. बायर चांगला असेल तर ऐकतो, नाहीतर निदान भाव तरी वाढवून मागा.